बूट, क्लीट आणि पट्टा : जुन्या शर्यती सायकलीचा पायाकडचा साज कसा जुळवावा

जुनी पोलादी शर्यती सायकल हौसेनं उभी करणारे बहुतेक जण पेडलांपासून सुरुवात करतात. झळझळीत पेडलं, बुटाचं टोक अडकवणाऱ्या क्रोमच्या टो-क्लिपा आणि चामडी पट्टे सायकलीवर चढतात, आणि मग पायात जाड रबरी तळाचे धावण्याचे बूट घालून स्वारी निघते. तो तळ पेडलाच्या दातऱ्यांत अडकतो, बूट क्लिपेत पुरता शिरत नाही, पट्टा आवळला की बोटं बधीर होतात. चार दिवसांत सगळं उतरवून माळ्यावर जातं आणि ‘जुनं ते दिसायलाच छान’ असा शेरा मिळतो. हा शेरा अन्यायाचा आहे. बूट, तळाला ठोकलेली क्लीट (खाचेची छोटी पट्टी), पेडल, क्लिप आणि पट्टा या पाच वस्तू एकमेकींसाठी घडलेल्या आहेत. त्यातली पहिली बूट. तो जमला की पुढचं सगळं त्याच्या मापानं बसवता येतं.

१९८४ साली फ्रान्सच्या लूक कंपनीनं स्कीच्या बाइंडिंगवरून सुचलेलं, बूट टचकन अडकवणारं पेडल बाजारात आणलं. १९८५ मध्ये बर्नार इनोनं तेच वापरून टूर दि फ्रान्स जिंकली आणि काही वर्षांत शर्यतींतून पट्टे दिसेनासे झाले. त्याआधीची कित्येक दशकं जवळजवळ सगळे शर्यतपटू क्लिप आणि पट्ट्यावरच धावले. त्या काळातल्या नावांतही इतिहास आहे. क्रिस्तोफ या फ्रेंच क्लिपांना युजेन क्रिस्तोफचं नाव आहे. १९१३ च्या टूरमध्ये सायकलीचा फोर्क (पुढचं चाक धरणारा काटा) मोडल्यावर गावातल्या लोहाराच्या भट्टीत स्वतः तो जोडणारा आणि १९१९ मध्ये आघाडीवरच्या खेळाडूची पिवळी जर्सी पहिल्यांदा अंगावर चढवणारा हाच तो शर्यतपटू. बिंदा हे पट्टे इटलीची जिरो ही शर्यत पाच वेळा जिंकलेल्या आल्फ्रेदो बिंदाच्या नावाचे. हा साज अजून पुरता संग्रहालयात गेलेला नाही. जपानच्या केइरिन या ट्रॅकवरच्या शर्यतींत व्यावसायिक खेळाडू आजही क्लिप-पट्ट्यावर धावतात. इटलीत तोस्कानातल्या गायोले इन क्यांती इथे १९९७ पासून भरणाऱ्या ‘लेरोइका’ या जुन्या सायकलींच्या फेरीत १९८७ पूर्वीच्या घडणीची सायकल आणि क्लिप-पट्ट्याची पेडलं ही अटच आहे. म्हणूनच नवा माल अजून बनतो. जपानच्या मिकाशिमा कंपनीची (एमकेएस) पेडलं, क्लिपा आणि पट्टे नवेकोरे मिळतात.

बूट निवडताना

जुना बूट हातात आला की आधी उलटा करा. वरचं चामडं कितीही सुंदर असो, निकाल तळ देतो. टाच एका हातात आणि चवडा दुसऱ्या हातात धरून वाकवा. चवड्यापाशी बूट किंचित वाकावा, घडी पडू नये. मध्यभागी, म्हणजे तळपायाच्या कमानीखाली, तो अजिबात वाकता कामा नये, कारण तिथे आत पोलादी पट्टी असते. ती तुटलेली असली तर वाकवताना कट्‌ असा बारीक आवाज येतो. असा बूट घेऊ नका. मग चवड्याखाली दोन्ही अंगठे जोरात दाबा. आत हात घातल्यावर तो दाब बोटांना जाणवत असेल तर तळ पातळ आहे आणि पेडलाच्या धारा पायाला टोचणार. क्लीट ठोकायची असेल तर पुढच्या भागात चामडी तळाची जाडी किमान ४ मिलिमीटर हवी.

देत्तो पिएत्रो, सिदी, व्हित्तोरिया, दुएजी ही इटालियन नावं जुन्या बाजारात वारंवार दिसतात, आदिदासचे बेल्जियन शर्यतपटू एडी मर्क्सच्या नावाचे बूटही. सत्तरच्या दशकापासून नायलॉनचे तळ आले. त्यांत क्लीट स्क्रूनं बसते आणि मागेपुढे सरकवता येते. सोय हवी असेल तर असा बूट घ्या. मात्र चाळीस-पन्नास वर्षांचं प्लास्टिक बाहेरून धड दिसलं तरी आतून ठिसूळ झालेलं असतं. स्क्रूच्या भोकांभोवती केसासारख्या भेगा आहेत का, हे उजेडात तिरपं धरून बघा. चामडी तळ नव्यानं लावता येतो. फुटलेल्या नायलॉनला इलाज नाही.

माप युरोपीय आकड्यांत असतं. त्यात एक अंक म्हणजे ६.६७ मिलिमीटर, म्हणून ४२ नंबरचा फर्मा (बूट ज्यावर शिवतात तो साचा) २८० मिलिमीटर लांब असतो आणि त्यात साधारण २६५ मिलिमीटरचं पाऊल बसतं. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, भिंतीला टाच लावून पाऊल मोजा. दोन पावलांत फरक असतोच, त्यातलं मोठं धरा. बोटांपुढे ५-६ मिलिमीटर मोकळे असले की पुरे, चालण्याच्या बुटाइतकी जागा लागत नाही. खरी अडचण रुंदीची आहे. हे इटालियन बूट अरुंद फर्म्यावर शिवलेले, आणि चपला-सँडलांत वाढलेलं पाऊल चवड्यापाशी पसरट. चामडं रुंदीत थोडं ऐसपैस होतं, लांबीत होत नाही. म्हणून लांबीला बरोबर आणि रुंदीला किंचित घट्ट असा बूट घ्यावा, आणि करंगळी दुमडत असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा.

जुने बूट मिळालेच नाहीत तर सपाट चामडी तळाचे, पातळ टोकाचे, नाडीचे साधे बूट चालतात. चांगल्या चांभाराकडून पुढच्या भागात ३ मिलिमीटरचा आणखी एक चामडी थर शिवून घ्या. खाचाखाचांचा रबरी तळ मात्र नको. क्लिपेतून पाय झटकन मागे ओढता येणं यावर तुमचं न पडणं अवलंबून आहे.

कोरडं चामडं आणि नवा तळ

वर्षानुवर्षं पडून राहिलेला बूट आणल्या आणल्या पायात घालू नका. सुकलेलं चामडं पहिल्याच वाकण्यात तडकतं. आधी ओलसर फडक्यानं धूळ आणि बुरशी पुसा, मग ग्लिसरिनचा किंवा चामड्यासाठीचा साबण फेसाळून लावा आणि पुसून टाका. सावलीत एक दिवस वाळू द्या. त्यानंतर मेणयुक्त चामड्याचं क्रीम अगदी पातळ लावा, रात्रभर ठेवा, परत लावा. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा बरे, कारण चामडं एका वेळी थोडंच पितं आणि उरलेलं वर चिकट राहतं. खोबरेल तेलाचा मोह टाळा. ते आतवर मुरून चामडं लोळागोळा करतं, आणि इथे तर ताठपणाच हवा असतो. तळाला काहीच लावू नका. तेलकट तळात चुका (क्लीट ठोकायचे बारीक खिळे) धरत नाहीत.

तळ गेलेला असेल तर चांभाराला चामड्याची जात स्पष्ट सांगा. हवं ते वनस्पतींच्या टॅनिनात कमावलेलं कडक चामडं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात, जात तीच. क्रोममध्ये कमावलेलं मऊ चामडं पर्सला छान, पण त्यात ठोकलेली चूक पन्नास किलोमीटरमध्ये हलायला लागते. तळ चिकटवून वर शिवून घ्या, नुसता चिकटवलेला नको. ‘रबर लावू का, जास्त टिकेल,’ असं चांभार हमखास सुचवेल. त्याचं म्हणणं चालण्याच्या बुटापुरतं खरं आहे, तुम्ही टाचेपुरतं रबर लावून घ्या.

पेडल: आधी आटे, मग रूप

जुन्या पेडलांत सगळ्यात महाग पडणारी चूक आट्यांची. बहुतेक पेडलांचा आटा ९/१६ इंच, इंचाला २० फेरे. जुन्या फ्रेंच पेडलांचा आटा १४ मिलिमीटर, १.२५ पिचचा. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. म्हणजे फ्रेंच पेडल इंग्रजी क्रँकमध्ये (पेडल ज्याला बसतं त्या दांड्यात) सहज फिरत आत जातं, सुरुवातीला ‘बसलं’ असंही वाटतं. पण ते सैल असतं आणि चढावर उभं राहून जोर दिला की आटे खरवडून बाहेर येतं. उलट, ९/१६ चं पेडल फ्रेंच क्रँकमध्ये शिरतच नाही. तिथे क्रँकला ९/१६ चा टॅप मारून घेता येतो. अमेरिकी एकसंध क्रँकचा आटा अर्ध्या इंचाचा, तो यात कशाशीच जुळत नाही. विकत घेण्याआधी व्हर्नियरनं मोजा.

एक्सलच्या टोकावरचं अक्षर वाचा. इंग्रजी मालावर उजव्याला आर, डाव्याला एल. फ्रेंच आणि इटालियन मालावर उजव्याला डी. डाव्याला फ्रेंचांत जी आणि इटालियनांत एस. डी म्हणजे डावं, असं समजून पेडल चढवायला गेलेल्यांनी कित्येक क्रँक खराब केले आहेत.

डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. कारण उघड वाटतं तसं नाही. बेअरिंगच्या घर्षणामुळे खरं तर दोन्ही पेडलं सुटायला हवीत. पण एक्सल आणि क्रँकचं भोक यांच्यात बारीकशी फट असते. पायाचा दाब त्या फटीत गोल फिरत राहतो आणि एक्सलला घर्षणाच्या उलट दिशेनं किंचित लोळवत नेतो. हा जोर घर्षणापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि आटे त्यानुसार ठेवले की पेडल चालवताना आवळतच जातं. काढताना लक्षात ठेवायला सोपं सूत्र: पाना एक्सलवर उभा लावा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही बाजू अशाच सुटतात. पाना १५ मिलिमीटरचा, पातळ तोंडाचा हवा.

रूपाबद्दल एवढंच सांगतो. बाहेरच्या बाजूला वळून आलेली नळीसारखी कड असलेलं क्विल पेडल हे या साजाचं खरं पेडल. पण ते अरुंद असतं. रुंद पावलाची करंगळी त्या कडेवर घासत असेल तर एमकेएसचं सिल्व्हन टूरिंगसारखं दोन्ही बाजूंनी मोकळं पेडल घ्या. पातळ तळाच्या बुटासाठी फ्रेंच लिओतार कंपनीचं २३ नंबरचं, मार्सेल बेर्ते या सायकलपटूच्या नावानं ओळखलं जाणारं सपाट फळीचं पेडल फार आरामदायी, फक्त ते अनेकदा फ्रेंच आट्याचं निघतं. रबरी ठोकळ्यांच्या घरगुती पेडलाला क्लिप बांधण्याचा खटाटोप करू नका. पुढे बोल्टला नीट जागा नसते आणि पट्ट्याला खाच नसते.

पेडल उघडून साफ करणं

जुनं पेडल फिरवून ‘चालतंय’ म्हणू नका. आतलं ग्रीस बहुधा मेणासारखं घट्ट झालेलं असतं.

एक्सलचा चपटा भाग लाकडाचे तुकडे लावून व्हाइसमध्ये पकडा, पेडल वर. टोकाची टोपी काढा. खाली पांढरं फडकं असलेलं ताट ठेवा, कारण छर्रे उड्या मारतात. आधी लॉकनट, मग जीभ असलेला वायसर, मग कोन (छर्‍यांना टेकणारा शंकूसारखा नट) सोडवा. वायसरची जीभ एक्सलच्या खाचेत बसते. ती तुटली असेल तर लॉकनट आवळताना कोनही फिरेल आणि सेटिंग कधीच टिकणार नाही, म्हणून असा वायसर बदला. एका हातानं पेडलाचं अंग आणि एक्सल एकत्र धरून व्हाइसमधून काढा, उलटं करा आणि दोन्ही टोकांचे छर्रे वेगवेगळे मोजून लिहून ठेवा. दोन्हीकडची संख्या सारखीच असेल असं नाही.

सगळं रॉकेलमध्ये धुवा, कोरडं करा आणि भिंगातून पाहा. कोनवर गोल चकचकीत पट्टा दिसला तर ठीक. खड्डे दिसले तर कोन बदला. अंगातल्या कपमध्ये खड्डे असतील तर बहुतेक जुन्या पेडलांत तो कप निघत नाही, मग पेडल शोभेलाच ठेवा. छर्रे मात्र नेहमी सगळे नवे घाला. बऱ्याच पेडलांत ५/३२ इंचाचे, म्हणजे ३.९७ मिलिमीटरचे असतात. काहींत १/८ इंचाचे, ३.१८ मिलिमीटरचे. जुने आणि नवे मिसळू नका. झिजलेला छर्रा भार घेत नाही, सगळा भार शेजारच्या नव्यावर जातो.

कपात बेअरिंग ग्रीस भरा, छर्रे चिमट्यानं एकेक रुतवा. शेवटी एका छर्‍याहून थोडी कमी फट उरली पाहिजे. कोन बोटानं टेकेपर्यंत फिरवा, वायसर, लॉकनट. लॉकनट आवळताना कोन हलकासा आत दाबला जातो, म्हणून पहिल्या फेरीत पाव फेरा सैल ठेवा आणि मग तपासा. पेडल एक्सलवर फिरवताना किरकिर लागली तर घट्ट आहे. बाजूनं हलवताना टकटक लागली तर सैल. चाकाच्या हबमध्ये एक्सल दाबला जातो म्हणून तिथे थोडा सैलपणा ठेवतात. पेडलात तसं काही होत नाही, तेव्हा बाकावरच शून्य सैलपणा आणा. जमेपर्यंत चार-पाच वेळा करावं लागतं. चढवताना आट्याला ग्रीस लावा आणि पहिले तीन फेरे हातानंच द्या. शेवटचा आवळ ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास.

क्लिपेचं माप

अंदाजापुरतं असं धरा: ४० नंबरपर्यंत लहान, ४१-४२ ला मध्यम, ४३-४४ ला मोठी, त्यापुढे जास्त मोठी. पण बुटांची टोकं निरनिराळी असतात, तेव्हा अंतिम माप बूट घालूनच घ्या. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड, चवड्याचा सर्वांत रुंद भाग, पेडलाच्या एक्सलवर आलं पाहिजे. त्या स्थितीत बुटाचं टोक आणि क्लिप यांच्यात ३ ते ६ मिलिमीटर अंतर हवं. टोक क्लिपेला टेकत असेल तर प्रत्येक फेऱ्यात अंगठा ठोकला जातो आणि लांब फेरीनंतर नख काळं पडतं. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान क्लिप घेऊन क्लिप आणि पेडल यांच्यात २-३ मिलिमीटरचे वायसर घाला. मोठी क्लिप मागे ओढता येत नाही, लहान पुढे सरकवता येते.

बोल्ट बहुधा ५ मिलिमीटरचे, त्यांना नायलॉनचे नट किंवा स्प्रिंग वायसर लावाच. क्लिपेचं कंपन साधा नट महिन्याभरात सोडवतं. क्लिप चढवल्यावर क्रँक आडवा ठेवून पुढचं चाक वळवून बघा. लहान चौकटीच्या सायकलीत क्लिप चाकाला किंवा मडगार्डला घासते. वेगात चाक इतकं वळत नाही, पण वस्तीतून हळू वळताना हमखास लागते, तेव्हा हे घरीच माहीत असलेलं बरं.

पट्टा ओवण्याची रीत

यात चूक झाली की पट्टा सरकत राहतो. पट्ट्याचं टोक पेडलाच्या बाहेरच्या बाजूनं, म्हणजे क्रँकपासून लांबच्या बाजूनं, पिंजऱ्याच्या (पेडलाच्या पत्र्याच्या चौकटीच्या) खाचेत घाला. चामड्याचा गुळगुळीत चेहरा बाहेर राहील असं धरा. पेडलाच्या आत, एक्सलच्या बाजूला, पट्ट्याला एक पूर्ण पीळ द्या आणि मग क्रँककडच्या खाचेतून बाहेर काढा. हा पीळ पट्ट्याला आत अडकवून ठेवतो. तो नसला तर प्रत्येक वेळी आवळताना बकल फिरत फिरत बुटाच्या वर येतं आणि घोट्याजवळ टोचतं. पीळ पूर्ण द्यायचा, अर्धा दिलात तर पट्ट्याची खरबरीत बाजू बाहेर येते.

आता टोक वर आणा, क्लिपेच्या वरच्या कडीतून ओवा, बाहेरच्या बाजूला उतरवा आणि बकलच्या दातऱ्यांखालून काढा. बकल पेडलाच्या पिंजऱ्यापासून बोटभर वर, बुटाच्या बाहेरच्या कडेला यावं. टोक वर ओढलं की पट्टा आवळतो. बकलची पातळ जीभ अंगठ्यानं बाहेर ढकलली की सुटतो. टोकाला एक बटण किंवा चामड्याची गाठ ठेवा, चालत्या सायकलीवर न बघता हाताला लागली पाहिजे. चांगल्या पट्ट्यांत चामड्याच्या दोन थरांत नायलॉनचा थर असतो, त्यामुळे ते लांबत नाहीत. साधा एकेरी पट्टा पहिल्याच पावसात वाढतो. शर्यतीत जोर लावणारे स्प्रिंटर एका पेडलाला दोन पट्टे लावत, ते बंद गोल ट्रॅकसाठी, रस्त्यासाठी नाही.

क्लिपेच्या धातूनं बुटाचं टोक खरवडतं. क्रोमच्या पुढच्या वळणावर पातळ चामड्याचा तुकडा मेणाच्या दोऱ्यानं शिवून घ्या. हे जुन्या कारागिरांचं काम अजूनही कुठलाही चांभार दहा मिनिटांत करून देतो, आणि दिसतंही फार सुंदर.

क्लीट ठोकणं

इथे घाई करू नये. शहरात फिरायचं असेल तर क्लीटच नको, चामडी तळ आणि मध्यम आवळलेला पट्टा पुरतो. पण त्या काळच्या सायकलपटूला पाय आणि सायकल एकजीव झाल्यासारखं का वाटे, हे कळायला क्लीट लावूनच चालवावं लागतं. ही खाचेची छोटी पट्टी, अ‍ॅल्युमिनियमची, पोलादाची किंवा प्लास्टिकची. तिची आडवी खाच पेडलाच्या मागच्या पत्र्यावर बसते आणि पाय मागे सरकू देत नाही. तिला जराही खेळ नसतो. लावताना कोन चुकला तर तो तासाला काही हजार वेळा गुडघ्याला जाणवतो.

म्हणून कोन डोळ्यानं ठरवू नका, पायाला ठरवू द्या. नव्या तळाचे बूट क्लीटशिवाय घाला, पट्टा मध्यम आवळा आणि ४०-५० किलोमीटर चालवा, एका दमात नाही तरी चालेल. मागच्या पत्र्याची रेघ चामड्यावर उमटते. ती बहुधा चवड्याच्या हाडाच्या तीनेक सेंटिमीटर मागे आणि बुटाच्या मध्यरेषेला किंचित तिरपी असते. तो तिरपेपणा म्हणजे तुमच्या पायाची नैसर्गिक ठेवण. दोन्ही बुटांवर तो सारखा नसतो, सारखा करायलाही जाऊ नका. रेघ पुसट असेल तर पत्र्याला खडू लावून आणखी पाच किलोमीटर जा. रेघ पेन्सिलीनं दोन्ही बाजूंना लांबवून ठेवा, म्हणजे क्लीट वर ठेवल्यावरही टोकं दिसतील.

क्लीटची खाच बरोबर त्या रेघेवर ठेवा. आतलं सुटं अस्तर काढा. आरीनं चुकेपेक्षा बारीक भोक पाडा, तळ चिरत नाही. चूक तळाची जाडी आणि क्लीटची जाडी मिळून जितकी होते त्याहून २-३ मिलिमीटर लांब हवी. बूट चांभाराच्या लोखंडी ऐरणीवर चढवून ठोका, म्हणजे चुकेचं टोक आत लोखंडावर आपटून वळतं आणि चामड्यातच परत शिरतं. ऐरणीशिवाय ठोकलेली चूक एकतर पायाला टोचते नाहीतर उपटून येते. हे काम घरी लाकडावर करू नका. पितळी चुका मिळाल्या तर उत्तम, पावसात गंजत नाहीत.

पहिल्या दिवशी फक्त दोन चुका ठोका आणि दहा किलोमीटर जाऊन या. टाच क्रँकला घासत नाही ना, निदान ५ मिलिमीटर अंतर आहे ना, हे पाहा. टाच सतत एका बाजूला जाऊ पाहत असेल किंवा गुडघ्याच्या एका कडेला ओढ लागत असेल तर क्लीट काढा आणि रेघ पुन्हा उमटवा. जुन्या भोकांत लाकडी काडी सरसात बुडवून ठोका, नवं भोक बाजूला पाडा. सगळं ठीक वाटलं तरच उरलेल्या सगळ्या भोकांत चुका मारा. क्लीट आणि नवा तळ यांमुळे पाय पेडलापासून वर जातो, तेवढ्या मिलिमीटरनं सीट वर करा. हा बदल विसरल्यानं आलेलं गुडघ्याचं दुखणं लोक क्लीटच्या माथी मारतात.

चढणं आणि उतरणं

क्लिप जड असते म्हणून रिकामं पेडल नेहमी उलटं लटकतं. डावा पाय जमिनीवर ठेवून उजवा आधी अडकवा, पट्टा हलका आवळा, पुढे निघा. मग डाव्या बुटाच्या टोकानं पेडलाच्या मागच्या पत्र्यावरची छोटी जीभ टिचकीसारखी दाबा. पेडल उलटतं आणि त्याच क्षणी पाय आत सरकवायचा. खाली बघायचं नाही. पहिल्या आठवड्यात जमत नाही, दुसऱ्यात हाताच्या घडीसारखं होतं. तोवर उलट्या पेडलावर तसंच चालवत राहू नका, खालची क्लिप गतिरोधकावर घासून वाकते.

उतरण्याचा नियम अधिक महत्त्वाचा. थांबायच्या ५० मीटर आधी डावा पट्टा सोडा. आपल्याकडे रस्त्याची कड डावीकडे, म्हणून पाय टेकायचा तो डावाच. क्लीट नसेल तर पाय सरळ मागे ओढा. क्लीट असेल तर आधी टाचेसकट पाय थोडा वर उचला, खाच पत्र्यावरून सुटू द्या, मग मागे. आधुनिक पेडलांची सवय असलेल्यांनी हे जास्त घोटावं. त्यांचा पाय आपोआप टाच बाहेर फिरवतो, आणि इथे टाच फिरवून काही सुटत नाही. पहिले दोन दिवस गवताच्या मैदानात, पट्टा सैल ठेवून, वीस-तीस वेळा थांबण्याचा सराव करा. गर्दीच्या वस्तीत शिरण्याआधी दोन्ही पट्टे सैल करायचे, ही सवय कायमची.

नाडीचं टोक उजव्या बुटात आडव्या नाड्यांखाली खोवा. लोंबती नाडी साखळीत गेली तर पाय बांधला जातो.

दुखणी

बोटं बधीर होतात तेव्हा लोक पट्टा सैल करतात आणि तिथेच थांबतात. आधी नाडी बघा. चवड्यावरची नाडी सैल आणि घोट्याकडची घट्ट हवी, बहुतेक जण उलट करतात. मग तळाची जाडी. पट्टा रस्त्यावर कायम करकचून आवळायचा नसतो, फक्त चढावर आणि वेग घेताना. सपाटीवर त्यातून बोट जाईल इतका मोकळा ठेवा.

प्रत्येक फेऱ्यात चर्रचर्र आवाज आला तर पेडल उघडण्याआधी क्लीट आणि पत्रा यांच्यात मेणबत्तीचं मेण चोळून बघा. निम्म्या वेळा आवाज तिथलाच असतो. बकल धरत नसेल तर त्याचे दात बारीक कानशीनं उजळा. पट्टाच चकचकीत झाला असेल तर बदला. क्लीट लावून लादीवर चालू नका. घसरायला होतंच, शिवाय खाचेच्या कडा गोल होतात आणि मग चढावर ऐन जोराच्या वेळी पाय सटकतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर चामड्याची परीक्षा. भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरपुढे ठेवले की तळ वाकतो आणि टाके ओढले जातात. वर्तमानपत्राचे बोळे भरा, दर तीन-चार तासांनी बदला, पंख्याच्या वाऱ्यात आडवे ठेवा. क्लीटच्या खाचेतला चिखल त्याच दिवशी काडीनं काढा. वाळला की दगडासारखा होतो आणि पत्रा पुरता आत बसत नाही. पट्टे पेडलातून काढून लोंबते वाळवा, वाळल्यावर मेणाचा एक हात. कोकणात आणि घाटमाथ्यावर बूट प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नका, आठवड्यात पांढरी बुरशी धरते. सुती पिशवीत, लाकडी फर्मा किंवा कागद भरून, हवेशीर फळीवर ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून पुसा. त्याच वेळी क्लीटच्या चुका अंगठ्यानं दाबून बघा. एखादी हलत असेल तर तिच्या शेजारच्याही तपासा, कारण भार वाटणारी एक गेली की उरलेल्या पाठोपाठ सुटतात.